मागच्या खिडकीची कार्डं

हवा-पाण्याचा तब्येतीवर काय परिणाम होतो ते आमची प्रयोगशाळा तपासते, आणि तिच्यातर्फे शाळाशाळांत हिंडण्याचं काम माझ्याकडे. सातवीच्या मुलांना मी पांढरी कार्डं दिली होती. सोमवारी व्हॅसलीन फासून खिडकीत टांगायची आणि शनिवारी चिकटलेले काळे ठिपके भिंगातून मोजायचे. या शाळेच्या मागेच कारखान्याचं धुराडं आहे.

बुधवारी सहज डोकावले, तर वर्गातली चष्मेवाली ठिपके मोजत होती. मी खवळले. "अगं, शनिवारी मोजायचं म्हटलं होतं ना? सगळी वाट लावशील!"

"हात नाही लावत मॅडम, नुसती बघते. धीरच धरवत नाही."

पुढच्या आठवड्यात शाळेत या कार्डांचं प्रदर्शन होतं. बघते तर मागच्या खिडकीची कार्डं पांढरीशुभ्र! पहिल्या रांगेत कारखान्याचे मॅनेजर बसलेले. सभागृह त्यांनीच बांधून दिलेलं. मुख्याध्यापक माझ्या कानाशी लागले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम. तुमच्या साहेबांशी बोलणं झालंय."

माझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होतं, ते वाढवणं साहेबांच्या हातात. खोटं कशाला बोलू, माझी पाचावर धारण बसली. मी प्रमाणपत्रं चाळायला लागले.

चष्मेवालीने मात्र कार्डावर बोट फिरवलं. "हे चिकटच नाहीये. हे खिडकीत नव्हतंच! आमची कार्डं कुठे गेली?"

"खाली बस," मुख्याध्यापक ओरडले.

बसते कसली! तिने वही उघडली आणि वाचायला लागली. "मंगळवार, एकवीस. बुधवार, अठ्ठेचाळीस. गुरुवार, सत्त्याहत्तर. शुक्रवार, एकशे चार. शनिवार, एकशे एकोणचाळीस."

मॅनेजरांचं हसू मावळलं. मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "रोज मोजायचं असं प्रयोगाच्या सूचनापत्रकात कुठेच नाही. मॅडम, तुम्हीच सांगा, हे नियमात बसतं का?"

"नाही बसत," मी म्हणाले. पोरीचा चेहरा पडला. तो मला बघवेना. "नियम मी केला होता आणि तोच चुकीचा होता. रोजच मोजायला हवं. एवढी अक्कल हिला होती, मला नव्हती."

प्रमाणपत्रांसाठी आणलेला प्रयोगशाळेचा शिक्का पिशवीत होता. वही घेतली आणि पानापानावर तो हाणला. फोन वाजायला लागला. साहेब. म्हटलं, वाजू दे.

शेवटच्या पानावर सही केली आणि खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. उगाच कुणाला शोधाशोध नको.