पुट्टीचे चोवीस लंगोट

एचएसआर लेआउटमधल्या त्या सोसायटीच्या गेटवर गुंडोरावांची नोंद 'लाँड्री' अशी होती, आणि त्याबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. गेटवर रणजीत नावाचा सिक्युरिटीवाला बसे. पहिल्या दिवशी त्याने गुंडोरावांच्या हातातली फुगलेली पिशवी पाहिली, मोबाइलवरच्या ॲपमध्ये 'लाँड्री' या चौकोनावर बोट ठेवलं आणि नेहमीच्या माणसांच्या यादीत त्यांना टाकून दिलं. मी तिसऱ्या मजल्यावरच्या अनुषाचा बाप, असं गुंडोराव सांगणारच होते. तेवढ्यात त्यांना बाजूला ताटकळलेला एक गृहस्थ दिसला. हातात मिठाईचा डबा, कपाळावर घाम. तो 'गेस्ट' होता. त्याच्यासाठी वर निरोप जायचा होता, वरून होकार यायचा होता आणि वरचं कोणी फोन बघत नव्हतं. गुंडोराव त्याच्या शेजारून सरळ आत गेले. तेव्हापासून चार महिने ते सोमवार, बुधवार, शुक्रवार असेच आत जात होते.

पिशवीत नातीचे लंगोट असत, म्हणजे हल्लीच्या भाषेत कापडी नॅप्या. नातीचं कागदोपत्री नाव चार अक्षरी आणि जोडाक्षरांचं होतं. घरात तिला सगळे पुट्टी म्हणत.

गुंडोरावांचं घराणं तीनशे वर्षांमागे कर्नाटकात आलं आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण दोन्हींत. गुंडोराव एका सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी विभागात होते. यंत्राचा सुटा भाग केसभर जाड निघाला तर तो परत पाठवायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर त्यांनी मारतहळ्ळीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पद्मावतीबाईंचा स्वयंपाक तपासायला घेतला. बाईंनी ते सहा वर्षं सहन केलं आणि दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. आता घरात बोलायला टीव्ही होता, पण तो ऐकून घेत नसे.

पुट्टी झाली तेव्हा बाळंतविडा कोण करणार, हा प्रश्न आला. कुंची, झबली, दुपटी, लंगोट हे मुलीच्या आईने करायचं. आई नव्हती. गुंडोरावांनी पद्मावतीबाईंच्या कपाटातून धुऊन धुऊन मऊ झालेली सहा सुती पातळं काढली, त्यांचंच शिवणयंत्र पुसलं आणि अठरा त्रिकोणी लंगोट शिवले. अठराच्या अठरा त्रिकोणांच्या बाजू मिलिमीटरपर्यंत सारख्या होत्या. बाळाच्या मांड्या मात्र सारख्या नसतात, ही गोष्ट कारखान्यात कोणी शिकवलेली नव्हती.

अनुषाने ते गालाला लावून पाहिले. "किती मऊ आहेत, अण्णा." मग म्हणाली, "पण हे म्हणजे एका वेळेला एक. तिने केलं की लगेच बदलायचं. दिवसाला वीस. कोण बदलणार?"

"मी," गुंडोराव म्हणाले.

"तुम्ही मारतहळ्ळीला असता."

यावर एक सोपं उत्तर होतं, पण ते अनुषाने द्यायचं होतं, म्हणून गुंडोराव गप्प बसले. अनुषाही गप्प बसली. जावई सुहास पुण्याचा होता, त्यामुळे बराच वेळ कोणी बोलत नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्याने चहा करू का विचारलं.

अठरा लंगोट पुट्टीचं तोंड पुसायला लागले.

खरी निवड आधीच झालेली होती. अनुषाने तीन आठवडे अभ्यास केला होता. कापडी नॅप्या वापरणाऱ्या आयांच्या एका ग्रुपमध्ये ती होती, आणि तिथे बायका सूत, बांबू आणि ताग यांवरून एकमेकींशी बोलणं टाकत. शेवटी चोवीस नॅप्या आल्या. बाहेरून पाणी न जाऊ देणारं कापड, त्यावर कोल्ह्यांची चित्रं. कडेला टिचबटणांच्या रांगा, म्हणजे मूल वाढलं तरी नॅपी तीच. आणि आत खिशात सरकवायचं जाड सुती पॅड. गुंडोरावांनी एक हातात घेऊन उलटीसुलटी केली, टिचबटणं वाजवून पाहिली आणि बऱ्याच वर्षांनी एखादी वस्तू मनातल्या मनात पास केली.

अडचण वाळवण्याची होती. सोसायटीत बाल्कनीत कपडे दिसले तर दंड होता, कारण त्यामुळे इमारतीची शोभा जाते. ड्रायरमध्ये घातलं तर इलॅस्टिक जातं, असं ग्रुपचं एकमत होतं, आणि ग्रुपचं एकमत ही दुर्मीळ गोष्ट होती.

"आमच्या गच्चीवर ऊन आहे," गुंडोराव म्हणाले.

"एवढ्या लांबून?"

"बस आहे."

"सरी, अण्णा, चालेल. पण झेपेल तेवढंच." अनुषाने त्यांना धुण्याच्या सूचनांचं एक कार्डही दिलं. गुंडोरावांनी ते प्लास्टिकच्या पाकिटात घातलं, वर 'पुट्टी: नॅपी' अशी चिठ्ठी लावली आणि फाइल केलं. चौतीस वर्षं त्यांनी सूचनापत्रकांचं हेच केलं होतं. वाचायला हाताखाली माणसं असत.

मग दिवसांना नावं आली. सोमवारी मळलेल्या नॅप्या घ्यायच्या, बुधवारी धुतलेल्या द्यायच्या आणि पुन्हा मळलेल्या घ्यायच्या. अनुषाच्या घराजवळच्या अगऱ्याच्या स्टॉपवरून रिंग रोडची बस पकडायची. पिशवी चेनची आणि वॉटरप्रूफ होती, तरी तिच्यात काय आहे हे तिसऱ्या स्टॉपपर्यंत सगळ्यांना कळे, आणि खचाखच भरलेल्या बसमध्ये गुंडोरावांच्या शेजारची जागा रिकामी राही. पण हातात पिशवी असली की माणूस कुठेतरी निघालेला दिसतो. अनुषाच्या घरी पोचलं की पुट्टीला पंधरा-वीस मिनिटं मांडीवर घ्यायला मिळे. कॉलवर बसलेली अनुषा हातानेच 'घ्या तिला' अशी खूण करी. पुट्टी त्यांच्या चष्म्याची काडी धरून ठेवी आणि पिशवी भरून झाली तरी सोडत नसे.

मारतहळ्ळीतही फरक पडला. गच्चीवर डझनभर कोल्हे वाळत घातलेले पाहून खालच्या मजल्यावरच्या पवित्राने एकदा विचारलं, "अंकल, मगू हेंगिदे?" बाळ कसं आहे? दोन वर्षांत पाण्याचा टँकर सोडून दुसऱ्या विषयावर तिने काही विचारल्याची ही पहिली वेळ. गुंडोरावांनी पुट्टीचं वजन ग्रॅममध्ये सांगितलं. नंतर ती येता-जाता विचारू लागली आणि गुंडोराव गच्चीवर जायच्या वेळा तिच्या येण्याजाण्याच्या बेताने ठरवू लागले.

घोळ पाण्याने केला. इमारतीला बोअरचं पाणी. त्यात धुतलेली पॅडं उन्हात वाळली की भाजलेल्या पापडासारखी कडक होत. हे असलं पुट्टीच्या अंगाला लावायचं, या कल्पनेने गुंडोरावांच्याच अंगाला खाज सुटली. दुकानदाराने त्यांना कपडे मऊ करायचं जांभळं कंडिशनर दिलं. एक बूच शेवटच्या पाण्यात. पॅडं मऊ झाली, लव्हेंडरचा वास यायला लागला. गुंडोरावांनी दुसऱ्या आठवड्यात दोन बुचं केली. नातीच्या बाबतीत हात आखडता घ्यायचा नव्हता.

तीन आठवड्यांनी अनुषा म्हणाली, "अण्णा, हल्ली लीक होतंय."

"टिचबटणं नीट लागतात ना?"

"लागतात हो. पॅड पाणी धरतच नाही. झोपली की गादी ओली, मांडीवर घेतली की मी ओली. काल कॅमेरा चालू होता आणि माझा अर्धा कुर्ता भिजलेला. टीमला वाटलं, मी पाणी सांडलं."

ग्रुपने निदानं केली: साइज चुकलाय, पुट्टी जास्त पाणी पिते, आणि एकीने तर, नवऱ्याने घातली असेल. सुहासने तीन दिवस अपमान सहन केला. गुंडोरावांनी उपाय म्हणून बुचं तीन केली.

महिनाअखेरीला अनुषाची अर्धवेळ कामाची सवलत संपली. त्या बुधवारी ती दारातच म्हणाली, "अण्णा, आजपासून डायपरच वापरायचं ठरवलंय. वापरा आणि फेका. पाळणाघरातही तेच चालतात. तुमचीही दगदग वाचली."

"मला कसली दगदग?"

"दोन तास बस, अण्णा. त्या वासात. मला वाईट वाटतं."

तिला खरंच वाईट वाटत होतं, हे गुंडोरावांना दिसलं. म्हणून त्यांनी पिशवी पुढे केली. चोवीस नॅप्या घेऊन ते परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते केलं जे पहिल्याच दिवशी करायचं होतं. एक पॅड टेबलावर ठेवलं आणि चमच्याने त्यावर पाणी टाकलं. अळवाच्या पानावर थांबावा तसा थेंब वर गोल उभा राहिला. गुंडोराव घड्याळ लावून बसले. चार मिनिटं झाली, थेंब जागचा हलला नाही. मग त्यांनी फाइल काढली, पाकिटातून कार्ड काढलं आणि भिंग घेऊन वाचलं. पाचवी सूचना. कंडिशनर वापरू नये, त्याचा थर बसतो आणि कापड पाणी शोषत नाही.

कारखान्यात हातून अशी चूक झालेल्या माणसाला ते समोर बसवून एकच प्रश्न विचारत: वाचलं नव्हतं का? आता चूक करणारेही तेच होते आणि विचारणारेही तेच.

उपायही कार्डावरच होता. साबण न घालता उकळत्या पाण्यातून पॅडं पुन्हा पुन्हा काढायची. गुंडोरावांनी माळ्यावरून पद्मावतीबाईंचं मोठं पातेलं उतरवलं. राघवेंद्रस्वामींच्या आराधनेला चाळीस पानांचं सारू, म्हणजे सार, त्यात होत असे. बाईंच्या फोटोकडे पाठ करून त्यांनी त्यात पॅडं टाकली. पहिल्या पाण्याला फेस आला, दुसऱ्यालाही आला. घरभर लव्हेंडर. तीन दिवस, अकरा पाणी. अकराव्याला फेस नव्हता. वाळल्यावर एकेक पॅड टेबलावर घेऊन त्यांनी चमच्याने पाणी टाकलं. दोन सेकंदांत गायब. चोवीसच्या चोवीस पास.

पिशवी भरून ते बुधवारी गेले. रणजीतने मान वर न करता गेट उघडलं.

"दोष माझा होता," गुंडोराव अनुषाला म्हणाले. "ग्रुपला सांग. सुहासलाही सांग. मी कंडिशनर घालत होतो. आता बघ." त्यांनी पॅडवर पाणी टाकून दाखवलं. पाणी गेलं.

अनुषाने पॅडकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. पाण्याच्या वाफेने त्यांची बोटं अजून लाल होती. तिच्या कानात कोणीतरी इंग्रजीत बोलत होतं. तिने तो आवाज बंद केला.

"अण्णा, कशाला एवढं? मला सांगायचं ना, मी रागावले असते का?"

"तसं नाही."

"आता डायपरची सवय झाली. ती नीट झोपते, मीही. हे ठेवा तुमच्याकडे." ती हसली. "आणि पिशवी नसली म्हणून काय झालं? तुम्ही या ना, केव्हाही."

बुधवारी या, म्हटलं की बुधवारी जाता येतं. केव्हाही कसं जायचं, याचा गुंडोराव बसमध्ये विचार करत राहिले. पिशवीला वास नव्हता, त्यामुळे शेजारी एक बाई बसल्या. त्यांनी मोबाइल काढला आणि कानात वायरी घातल्या.

शुक्रवार गेला. सोमवारी पवित्राने जिन्यात विचारलं, "काय अंकल, गच्ची रिकामी? बाळ गावाला गेलं का?" गुंडोराव "हो" म्हणाले आणि घरात येऊन चोवीस स्वच्छ नॅप्या बादलीत भिजवल्या. पिळल्या, गच्चीवर वाळत घातल्या. संध्याकाळी ओळीने चोवीस कोल्हे उतरवून घडी घालताना त्यांना आपण काय केलं ते दिसलं. त्यांनी नॅप्या कपाटात ठेवल्या, पातळांच्या रिकाम्या जागेत, आणि कपाटाला किल्ली लावली.

बुधवारी ते पिशवी न घेता निघाले. बसमध्ये हातांचं काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी पुढच्या सीटचा दांडा धरला. गेटवर रणजीतने आधी त्यांच्याकडे आणि मग त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"अंकल, बॅग?"

"नाही."

"तो फिर क्या डालूँ?"

"गेस्ट."

रणजीतने नाव विचारलं, फोन नंबर विचारला, कोणाकडे ते विचारलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच गुंडोरावांनी ते सांगितलं: अनुषा, तिसरा मजला, माझी मुलगी. रणजीतने निरोप पाठवला. दोघांनी स्क्रीनकडे पाहिलं. तिथे एक गोल फिरत होता. तो फिरायचा थांबला.

"मॅडम उठा नहीं रहीं. मीटिंग में होंगी." रणजीतने आवाज खाली आणला. त्याला आता काहीतरी कळलं होतं. "अंकल, लाँड्री डाल देता हूँ. सीधे चले जाइए."

गुंडोरावांनी तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीकडे पाहिलं. नियमाप्रमाणे तिथे काही वाळत नव्हतं.

"नको," ते म्हणाले. "गेस्टच राहू दे. निरोप पुन्हा पाठव."

रणजीतने पुन्हा पाठवला आणि स्वतःची प्लास्टिकची खुर्ची सावलीत सरकवून त्यांना दिली. गुंडोराव बसले. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि घड्याळ लावलं.