संदुकाचं कार्ड

मित्रांनो, मी बर्चच्या लाकडाचा एक जुना कप्पा आहे. पीटर्सबर्गमधल्या एका शब्दकोशाच्या कचेरीत, भिंतभर पसरलेल्या कपाटात खालून दुसऱ्या रांगेत माझी जागा आहे. माझ्या पोटात नऊशे कार्डं आहेत. प्रत्येक कार्डावर रशियन भाषेने कधीकाळी दुसऱ्यांकडून उसना घेतलेला एकेक शब्द आहे.

हे शब्द कापितोलिनाबाईंनी जमवले. आर्बूज म्हणजे कलिंगड. तो शब्द इराणच्या खरबुजाचा, तातारांच्या तोंडून इकडे आला. चेमोदान म्हणजे प्रवासाची पेटी. मूळचं ते इराणी जामदान, जामे म्हणजे कपडे ठेवायचं; तेही तातारांमार्फतच आलं. कारान्दाश म्हणजे पेन्सिल. त्यात तुर्कांचा 'काळा दगड' आहे, असं बाई मानत. आणि सुंदूक म्हणजे तर तुमचाच संदूक. अरबांकडून निघून तो तुमच्याही घरी आला आणि आमच्याही.

शेजारच्या टेबलावर रिफ़्कात गाब्दुल्लोविच बसत. ते कझानकडचे तातार.

"अर्धा कप्पा आमचाच आहे, कापितोलिना गेरासिमोव्हना," ते चिडवत. "परत मागितला तर पेटीशिवाय गावाला जाल."

"न्या की. पण चिठ्ठी ठेवून न्या," बाई म्हणत.

कारण आमच्याकडे शिस्त कडक. कार्ड बाहेर गेलं, की त्याच्या जागी गुलाबी चिठ्ठी ठेवायची. कार्डाच्या कडेला कुणी पेन्सिलीने प्रश्न लिहिला, तर त्याखाली शाईने उत्तर लिहून, सही केल्याशिवाय ते आत घालायचं नाही.

एका सकाळी बाईंनी संदुकाचं कार्ड काढलं, कडेला काहीतरी लिहिलं आणि ते रिफ़्कातांच्या टेबलावर ठेवलं. "सावकाश सांगा, घाई नाही," म्हणाल्या. दुपारी छातीत दुखतंय म्हणून त्या इस्पितळात गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

अकरा वर्षं झाली. रिफ़्कात निवृत्त झाले, पण कार्ड काही आलं नाही. खरं सांगतो, मला त्यांचा फार राग यायचा. पुढे सगळ्या कप्प्यांची संगणकासाठी छायाचित्रं काढायचं ठरलं. माझे शेजारी एकेक करून गेले आणि रुबाबात परत आले. मला मात्र विभागप्रमुख आग्निया पाव्हलोव्हनांनी खिडकीखाली जमिनीवर ठेवलं. चिठ्ठी असलेला कप्पा अपुरा, आणि अपुरा कप्पा घ्यायचा नाही, असा नियम. खोली तापवणाऱ्या वाफेच्या नळाची ऊब आणि खिडकीची ओल, दोन्ही सोसत मी पडून राहिलो. कार्डांना बुरशी चढू लागली. बोलायला कुणी नव्हतं.

शेवटी आग्नियाबाईंनी फोन केला. "रिफ़्कात गाब्दुल्लोविच, शनिवारी गाडी येतेय. अपुरे कप्पे रद्दीत जाणार. माझ्या हातात काही नाही."

शुक्रवारी म्हातारा काठी टेकत आला. कोटाच्या आतल्या खिशातून त्याने कार्ड काढलं.

"एवढी वर्षं उत्तर सापडत नव्हतं?" आग्नियाबाईंनी विचारलं.

"उत्तर त्याच दिवशी ठाऊक होतं. लिहिलं असतं तर बोलणं संपलं असतं."

त्याने कार्ड माझ्या कडेवर टेकवलं, तेव्हा मी पहिल्यांदा प्रश्न वाचला: 'रिफ़्कात, तुमच्या आईच्या संदुकात काय काय असायचं?' त्याने शाईने लिहिलं: 'लग्नातले टॉवेल, खडीसाखर, माझ्या शाळेच्या वह्या. तळाशी तिचं कफन.' सही केली. मग त्याने खिशातून पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं: 'आणि तुमच्या आईच्या?'

आग्नियाबाईंनी ते वाचलं. नियमाने ते कार्ड आत घालता येत नव्हतं. त्यांनी चिठ्ठी काढली, कार्ड तिच्या जागी सरकवलं आणि म्हणाल्या, "कप्पा पूर्ण आहे. चला, चहा घेऊ."

आता माझीही छायाचित्रं निघाली आहेत. लोक शब्द पडद्यावर बघतात, मला कुणी ओढत नाही. रिफ़्कात पुन्हा आले नाहीत. माझा राग मात्र गेला. मित्रांनो, तुमच्या माणसाला काही विचारायचं असेल, तर तो समोर बसलेला असतानाच विचारा. माझ्या पोटातल्या त्या प्रश्नाला उत्तर देणारं आता कुणीच नाही.