तफावत कमी पडली

मी एक व्याख्या बोलतेय. अध्ययन अक्षमतेची. एखादं मूल धडधाकट असतं, डोळे-कान ठीक असतात, चारचौघांसारखं बोलतंचालतं. पण वाचायला बसलं की त्याचं गाडं रुततं. अशा मुलाला अक्षम म्हणायचं की नाही, हे ठरवायचा मान माझा. मान मोठा होता. पुढे तो बराच उतरला, तेच सांगायला बसलेय.

माझा जन्म एका सरकारी सभागृहात झाला. मला पाच पालक. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, ‘मेंदू’ हा शब्द आलाच पाहिजे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, यात शाळेचा दोष नाही हे कुठेतरी घाला. पालकांच्या वतीने आलेले काका म्हणाले, मग आईबापांचाही नाही हे घाला. सचिवसाहेबांना एकच काळजी होती: “यात मुलं किती बसतील? फार नकोत.”

पाचवे होते प्राध्यापक. सगळे त्यांना सरच म्हणत. त्यांनी फळ्यावर दोन उभ्या रेघा मारल्या. एक बुद्धीची, एक वाचनाची. बुद्धीची रेघ उंच, वाचनाची बुटकी, आणि मधली तफावत घसघशीत असेल तरच अक्षमता. म्हणजे हुशार असून वाचता येत नाही, तो आपला. हुशारही नाही आणि वाचताही येत नाही, तो नुसताच मागे. सचिवसाहेब खूश झाले. मोजता येतं म्हटल्यावर निम्म्या मुलांना दारातूनच परत पाठवता येतं. बाकीच्यांनी माना डोलावल्या, कारण जेवणाची वेळ झाली होती.

तिथून मी एका चाचणी केंद्राच्या कपाटात आले. तिथे माझ्या आधीचे दोन-तीन सिद्धांत धूळ खात पडले होते. एकाचं म्हणणं, अक्षरं उलटी दिसतात म्हणून मूल अडतं. दुसऱ्याचं, मुलांना अरुंद फळीवरून चालवलं की तोल सुधारतो आणि मग वाचन आपोआप येतं. त्या फळीवरून चालून कितीतरी मुलं फळीवरून चालण्यात पटाईत झाली होती. मी त्यांना मनसोक्त हसले. आपल्यालाही कुणीतरी हसणार आहे, हे तरुणपणी कुणाला सुचतं?

केंद्रातल्या चाचणीवाल्या बाई सरांच्याच विद्यार्थिनी. त्यांना मी तोंडपाठ होते. मुलं यायची, ठोकळे जुळवायची, शब्दांचे अर्थ सांगायची, उतारा वाचायची. बाई दोन आकडे काढायच्या, वजाबाकी करायच्या. तफावत भरली तर जादा वर्गात जागा. नाही भरली तर नमस्कार.

एके दिवशी एक पार्लरवाली आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी चौथीतली, एका जागी बूड टेकत नसे म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. भिंगरीने शाळेला तीन वर्षं बेमालूम फसवलं होतं. धडा एकदा ऐकला की तिला पाठ व्हायचा, आणि ती पुस्तक समोर धरून, योग्य जागी पानं उलटत घडाघडा म्हणायची. एकदा तिच्या हातून दोन पानं एकदम उलटली गेली. भिंगरी न थांबता उलटून गेलेलं पान ‘वाचत’ राहिली, आणि बिंग फुटलं.

चाचणीत तिने ठोकळे चुटकीसरशी जुळवले. पण शब्दांचे अर्थ विचारले तेव्हा तिची दांडी गुल झाली. ते शब्द पुस्तकात भेटतात, आणि पुस्तकाशी तिची ओळख लांबूनच. त्यामुळे बुद्धीचाही आकडा खाली घसरला. बाईंनी वजाबाकी केली, पुन्हा केली, आणि पेन खाली ठेवलं.

“तफावत कमी पडली,” त्या आईला म्हणाल्या. “तिला जादा वर्गात घेता येणार नाही.”

“तिला वाचता येत नाही, हे तरी खरं ना?”

“खरं आहे. पण तिची बुद्धी आणि वाचन यांत जेवढं अंतर हवं, तेवढं नाही.”

आईने जरा विचार केला. “म्हणजे पोरगी अजून थोडी हुशार असती, तर तुम्ही तिला शिकवलं असतं?”

“नियम तसा आहे.”

“मग आता काय करायचं?”

“पुढच्या वर्षी परत आणा. तोवर वाचनात ती आणखी मागे पडेल, आणि मग कदाचित तफावत भरेल.”

“माझ्याकडे कुणी डोक्यात कोंडा घेऊन आली,” आई शांतपणे म्हणाली, “तर मी तिला टक्कल पडल्यावर या म्हणत नाही.” मग तिने मुलीचा हात धरला आणि निघून गेली.

बाईंनी मला पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचून काढलं. मी आपली ताठच होते. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला निरोप धाडला आणि भिंगरीला सरळ जादा वर्गात नेऊन बसवलं. शेजारी एका वकिलांचा मुलगा होता. त्याची तफावत अशी भरघोस, की मला त्याचा अभिमान वाटायचा. बाईंनी दोघांना एकच शिकवलं. शब्दाचे आवाज सुटे करायचे, आवाजाला अक्षर जोडायचं, मग अक्षरं जुळवून शब्द वाचायचा. मला वाटलं, वकिलांचा मुलगा भराभर पुढे जाईल. कसलं काय. दोघं एकाच जोडाक्षराला अडखळायची, एकच चूक करायची, आणि पुढच्या आठवड्यात दोघांनाही ते जमायचं.

कुणीतरी वर चहाडी केली. सचिवसाहेबांनी भिंगरीचं नाव वर्गातून काढलं आणि बाईंना माझ्या पाच पालकांच्या समितीपुढे बोलावलं. नोकरीवर गदा आली होती. तरी बाई संध्याकाळी पार्लरमध्ये जाऊन भिंगरीला शिकवत राहिल्या. केस वाळवायचं यंत्र घोंघावायचं आणि त्या घोंघाटात भिंगरी शाम्पूच्या बाटल्या वाचायची. गिऱ्हाईकं मध्येच शब्द सुचवायची, की आई कात्री उगारायची. “सांगू नका. तिला अडू द्या.”

समितीच्या बैठकीत सर आले होते. म्हातारे झाले होते, पण आवाज तोच.

“दोन मुलांवरून तू माझा सिद्धांत मोडीत काढणार?” त्यांनी विचारलं.

“नाही सर. दोघांवरून काही सिद्ध होत नाही, हे तुम्हीच शिकवलंत,” बाई म्हणाल्या. “पण तुमचं खरं असतं, तर ही दोघं वेगळ्या रीतीने अडायला हवी होती. तशी अडत नाहीत. तुम्ही स्वतः करून बघा.”

सचिवसाहेब म्हणाले, “यांना आधी घरी पाठवू, मग बघू.”

“आधी बघू,” सर म्हणाले. “घरी पाठवायला काय, कधीही पाठवता येतं.”

सर हट्टी. मला वाचवायचंच, या ईर्ष्येने ते निघाले. विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी कितीतरी शाळांत दोन्ही प्रकारच्या मुलांना शिकवून पाहिलं, आकडे उलटेसुलटे तपासले. मी जीव मुठीत धरून बसले होते. शेवटी ते पुन्हा समितीत आले, खुर्चीत टेकले आणि म्हणाले, “बाई बरोबर आहेत.” खिशातून पेन काढून त्यांनी माझं तफावतीचं वाक्य स्वतःच्या हाताने खोडलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. सर म्हणाले, “कुणी मेलेलं नाही. चहा सांगा.”

माझा कणाच गेला. राहिलेल्या मजकुरात नवं कलम आलं: नीट शिकवूनही जे मूल अडतं, ते आपलं. आता ‘नीट’ म्हणजे काय यावर भांडणं सुरू आहेत. बाईंची नोकरी टिकली, आणि भिंगरीला वर्गात पुन्हा जागा मिळाली.

परवा भिंगरी केंद्रात आली होती. आता ती मोठी झालीय. वाचते, पण सावकाश. म्हणून परीक्षेत जादा वेळ मिळावा यासाठी दाखला हवा होता. दाखल्यावर मी छापलेली असते. तिने माझ्यावर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. मागे रांग कुरकुरली, भिंगरी हलली नाही. ‘चेतासंस्थात्मक’पाशी अडली, मागे आली, तोडलं, जोडलं आणि पुढे गेली. ज्यांच्याबद्दल मी आहे, त्यांच्यापैकी कुणी मला शेवटपर्यंत वाचण्याची ही पहिलीच वेळ.

“बाई,” तिने वर बघून विचारलं, “हे ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आहे ना? मग वाचताच येऊ नये असं का लिहिलंय?”

बाई खो खो हसल्या. मला मात्र हसू येईना.

पुढच्या बैठकीत मला पुन्हा टेबलावर घेणार आहेत. घ्या. खोडा, जोडा, माझी काही ना नाही. फक्त दारात एखादं मूल आलं, तर त्याला ताटकळत ठेवून मला शोधत बसू नका. आधी त्याला शिकवायला घ्या. मी कपाटातच आहे, सावकाश या.