शनिवारचं बोट

माझे बाबा, ताइस्तो, आजारपणानंतर आकडे विसरायला लागले. माणसांची नावं लक्षात, शिव्या तर सगळ्या लक्षात, पण फोनवरून पैसे देताना लागणारे चार आकडे तेवढे डोक्यातून जायचे. म्हणून आमच्या कंपनीच्या पैसे देण्याच्या ॲपमध्ये आकड्यांऐवजी नुसतं बोट टेकवण्याची सोय मी लिहिली. ऑफिसात सांगितलं, ग्राहकांची मागणी आहे. ग्राहक एकच होता.

सोमवारी आमच्या तांपेरे शहराच्या बाजारात बाबांनी त्यांचं लाडकं काळं सॉसेज मागितलं. फोन मी उघडून हातात दिला, त्यांनी ऐटीत बोट टेकवलं. नाही. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा चुकल्यावर ॲपने आकडे मागितले. तो नियमही माझाच. मागे रांग खोळंबली.

"राहू दे," बाबा रांगेतून बाहेर येत म्हणाले. "यापुढे तूच आणत जा. मी बसतो घरी."

मला रडूच आलं. पण डोक्यात भुंगाही लागला. शनिवारी घरी करून पाहिलं तेव्हा तर पहिल्या फटक्यात चाललं होतं! बाकावर बसून मी फोनची काच पुसली, माझा कोड दोनदा वाचला. चूक सापडेना.

"बाबा, शनिवारी आपण काय करत होतो?"

"शनिवारी माणूस काय करतो? सौना!"

"आणि बोटाची नोंद?"

"सौनातून आल्यावर, टॉवेल गुंडाळून. तूच म्हणालीस, हात स्वच्छ आहेत तोवर उरकून घेऊ."

मी त्यांचं बोट हातात धरलं. कोरडं, गुळगुळीत. शनिवारी सौनाच्या खोलीत दीड तास वाफ आणि मधूनमधून तळ्यात डुबक्या! बोटं मनुक्यासारखी सुरकुतलेली होती. फोनने तो मनुकाच ओळखून ठेवला होता.

"म्हणजे मी काही विसरलो नाही?"

"तुम्ही नाही. मीच शहाणी."

बाबा खूप दिवसांनी हसले. कोरड्या बोटाची नोंद तिथेच केली. ते उठले, तशी मीही उठले.

"तू कुठे निघालीस? बस इथेच."

ते एकटेच रांगेत उभे राहिले. परत आले तेव्हा हातात दोन सॉसेजं होती.

"घे," म्हणाले, "आज मी देतोय."