पंधरा तासांतली अडुसष्ट मिनिटे

"म्हणजे तुम्ही तुकडे वाजवणार. श्रवण मंडळात." मंडळाचा कारभार पाहणाऱ्या भास्कररावांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याला पुसायला घेतला.

"वेचे," मोहना म्हणाली. "अडुसष्ट मिनिटांचे."

"आणि मूळ किती आहे?"

"पंधरा तास. जर्मन ऑपेरा आहे, चार संध्याकाळी मिळून एक गोष्ट."

"बघा ने. पंधरा तासांच्या देवळाच्या चार विटा आणायच्या आणि म्हणायचं, घ्या दर्शन."

मोहनाच्या कडेवर तिची दीड वर्षाची लेक सानवी होती. मोहनाचे अर्धे लक्ष भास्कररावांकडे होते आणि अर्धे सानवीच्या गळ्याखालच्या खळीकडे. श्वास घेताना ती खळी आत ओढली जाऊ लागली, की छाती भरली असे समजायचे. आज खळी शांत होती.

दांडिया बाजारातले हे मंडळ महिन्यातून एका रविवारी भरे. सभासदांनी पाळीपाळीने आपले आवडते संगीत ऐकवायचे आणि त्यावर बोलायचे. लागोपाठ तीन पाळ्या चुकल्या की यादीतून नाव कमी. मोहनाच्या दोन चुकल्या होत्या. पहिल्या वेळी सानवी दवाखान्यात होती, आणि दुसऱ्या वेळी आदल्याच दिवशी घरी आली होती. ही तिसरी.

"तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा," भास्करराव म्हणाले. "चार रविवार काढून पूर्ण ऐकवतील असे लोक आहेत आपल्याकडे."

"आणि माझं नाव?"

"नियम काही मी केलेला नाही, मोहनाताई."

"मग पाळी माझीच. रविवारी दहाला येते."

भास्कररावांनी चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे नीट पाहिले. आपल्या घरात शेवटचा शब्द दुसऱ्याने उच्चारण्याची त्यांना सवय नसावी.

वाघोडियाच्या औषध कारखान्यात मोहनाने सहा वर्षे क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली होती. ड्रममधून चमचाभर पावडर काढायची आणि तिच्यावरून आख्ख्या ड्रमबद्दल बोलायचे, हेच तिचे काम. सानवी झाल्यावर नोकरी सोडली; सोडली म्हणण्यापेक्षा सुटली. त्यानंतर गोत्रीचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दवाखाना, आणि वाफेचे मशीन.

वेच्यांची डिस्क तिला दर शुक्रवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मिळाली होती, मिक्सरच्या जुन्या भांड्यांच्या ढिगाशेजारी. कव्हरवर भाला घेतलेली एक दांडगी बाई होती. आपल्यालाही असा एक भाला हवा, असे काहीसे मनात येऊन तिने ती उचलली. तोवर मशीनचा मास्क पाहिला की सानवी किंचाळून घर डोक्यावर घेई. एका दुपारी डिस्क सुरू असताना पितळी वाद्यांचा असा काही लोट उसळला, की पोरगी तोंड उघडे टाकून ऐकतच राहिली, आणि मास्क लागला. तेव्हापासून एका वाफेला एक वेचा. दिवसातून तीनदा, पाच महिने.

कव्हरातल्या कागदावरून तिने गोष्ट जुळवली. नदीतून चोरलेले सोने, स्वतःच्याच करारात अडकलेला देव, आणि बापाचा शब्द मोडणारी त्याची लाडकी लेक. शिक्षा म्हणून बाप लेकीला झोपवतो खरा, पण कोणीही भेकड तिच्याजवळ फिरकू नये म्हणून भोवती आगीचे कुंपण घालतो. हा वेचा मोहनाला कागद न वाचताच कळला होता. जमले असते तर तिनेही पाळण्याभोवती असेच कुंपण घातले असते.

पूर्ण ऑपेरा तिने ऐकून पाहिला होता, नाही असे नाही. एका वाफेला बारा मिनिटे, असे तुकडे जोडत गोष्टीच्या दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पोचली आणि कोण कोणाचा कोण, तेच विसरली.

"तू काय सिद्ध करायला निघालीस?" शनिवारी तिच्या नवऱ्याने, शुभंकरने विचारले. रविवारी त्याची सावली गावातल्या कारखान्यात पाळी होती, त्यामुळे सानवीला घरी ठेवायची सोय नव्हती. "राहू दे ने. नाव गेलं तर गेलं."

"सगळीकडून गेलंय. सोसायटीच्या ग्रुपवर मी 'सानवी मम्मी' आहे, दवाखान्यात 'बेबी की मदर'. एवढ्या एका यादीत मी मोहना आहे."

शुभंकरने पुसलेला बूट खाली ठेवला. मग म्हणाला, "एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन जा. त्या हॉलचे प्लग ढिले आहेत."

रविवारी बाविसेक माणसे आली. बहुतेक साठीच्या पुढची, पुढच्या रांगेत शाली. सानवी सतरंजीवर चमच्याने डबा वाजवत होती. मोहनाने पाच वाक्यांत गोष्ट सांगितली आणि पहिला वेचा लावला. नदी खोल तळातून चढत चढत वर आली, भरली, आणि ऐन भरात आवाज बारीक होत होत नाहीसा झाला.

एक काका उठून स्पीकरची वायर हलवू लागले. "गेलं वाटतं."

"वायर ठीक आहे, काका. यांनी इथेच आवाज कमी केलाय. मूळ संगीत कुठे थांबतच नाही, मग कापायचं कसं? म्हणून असं विझवतात."

"हेच मी सांगत होतो," भास्करराव सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "समेवर येणं नाही, काही नाही. मधूनच हात धुतले."

"हो," मोहना म्हणाली. "मधूनच." आणि तिने पुढचा लावला.

आगीचा वेचा सुरू झाला तेव्हा डबा वाजायचा थांबला होता. मोहनाने वळून पाहिले. खळी आत जात होती. तिने अर्धे मिनिट श्वास मोजले. चोवीस. एका हाताने पोरगी उचलली, दुसऱ्या हाताने पिशवीतून मशीन काढले, औषध ओतले, बोर्डात पिन खुपसली. घर्र आवाज हॉलभर पसरला. डिस्क तिने थांबवली नाही.

"ताई, ते बाहेर व्हरांड्यात करा," भास्करराव म्हणाले. "काही ऐकू येत नाहीये."

"बाहेर प्लग नाही."

"मग संगीत थांबवा."

"नाही थांबवणार. मी हे सगळं ह्याच आवाजात ऐकलंय, भास्करराव. पंधरा तास शांतता मिळेल तेव्हा ऐकू म्हटलं असतं, तर एक सूरही कानावर पडला नसता. तुम्हाला त्रास होत असेल तर पुढे येऊन बसा."

 मग शेवटच्या रांगेतल्या लीलाताई, ऐंशीच्या पुढच्या निवृत्त शिक्षिका, खुर्ची फरशीवर खरडत पुढे आल्या आणि स्पीकरपाशी बसल्या. वायरवाले काका त्यांच्या मागे आले. सानवी मास्कमधून डोळे मोठे करून पाहत होती. तिची छाती हळूहळू सैल होत होती. आग चढली, पसरली आणि नेहमीप्रमाणे मध्येच विझली.

"वन्स मोअर," लीलाताई म्हणाल्या.

"लीलाताई, हे काय नाटक आहे?" भास्करराव म्हणाले. "वन्स मोअर पदाला देतात."

"पदच समजा. माझ्या वडिलांनी रात्र रात्र बसून संगीत नाटकं पाहिली. मी एक आख्खं पाहिलेलं नाही, आणि पन्नास पदं मला पाठ आहेत. मग मी अडाणी का हो?"

"तसं कुठे म्हणालो मी?"

"नसाल म्हणालात, तर बरंच झालं. मोहना, लाव ग परत. आणि त्या बापाचं काय झालं पुढे, ते सांग."

"ते मलाही नीट माहीत नाही," मोहना म्हणाली. "तिथपर्यंत पोचले नाहीये अजून." आणि तिने परत लावले.

साडेअकराला खुर्च्या भिंतीशी गेल्या. दाराजवळच्या टेबलावर मंडळाची वही उघडी होती. जुन्या पानांवर कोणाकोणाच्या आजोबांची मोडी वळणाची अक्षरे. वहीत नोंद झाली की पाळी झाली. भास्कररावांनी शाईचे पेन उघडून बराच वेळ नुसतेच हातात धरले. शेवटी तारीख घातली, मोहनाचे नाव लिहिले आणि शेवटच्या रकान्यात, जिथे दर महिन्याला 'संपूर्ण' असे, तिथे लिहिले: 'वेचे. अपूर्ण.'

"खरं ते लिहिलं," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

"खरंच आहे."

त्यांनी पेन तिच्याकडे सरकवले. शाई अजून ओली होती. कडेवरून सानवीचा हात त्या ओळीकडे झेपावला तो मोहनाने वरच्यावर धरला. 'अपूर्ण' हा शब्द फिसकटलेला तिला चालणार नव्हता. वही आपल्याकडे ओढून तिने हलकेच फुंकर घातली आणि अक्षरे कोरडी होईपर्यंत तशीच उभी राहिली. मग त्याखाली पूर्ण नावाने सही केली.