कोयतेवाल्याच्या खांद्यावर

दिनेशला भयपटांचं वेड होतं. सगळे सिनेमे फोनवर दिसत असताना हा माणूस ब्ल्यू-रे डिस्क विकत का घेतो, हे त्याच्या बायकोला, दीपमालालाही नीट कळलं नव्हतं. मग सायखेड्याहून पहिल्यांदाच मुक्कामाला आलेल्या तिच्या माळकरी वडिलांना काय सांगणार? म्हणून त्या दोघांनी आदल्या दिवशीच सगळ्या डिस्क पलंगाखाली सारून दिल्या होत्या.

दुपारचा चहा चालला होता आणि कुरिअर आलं. दाराजवळ दीपमालाची आई, नवसाबाई बसली होती. तिनेच पाकीट घेतलं आणि जावईबापूंना कोणी भेट पाठवली म्हणून कौतुकाने उघडायला लावलं. आत ‘कोयत्याचा घाव, भाग दोन’ची डिस्क होती. जुनी मूळ फिल्म धुऊनपुसून कोणीतरी ती नव्याने एचडीमध्ये काढली होती आणि दिनेश कित्येक महिने तिची वाट पाहत होता. वेष्टनावर मुखवटा घातलेला माणूस, हातात कोयता, खांद्यावर बाईचं प्रेत. दिनेश कसाबसा म्हणाला की डिस्क मित्राची आहे.

नवसाबाईने ती हातभर लांब धरून पाहिली, मग पदर तोंडाला लावला.

“हे प्रेत म्हणजे मी हाय,” ती म्हणाली.

कोणाचा विश्वास बसेना, तेव्हा तिने सांगितलं. तिचं माहेर देवळ्याचं. लग्नाआधी एकदा ती सायखेड्याला आत्याकडे राहायला आली होती, तेव्हा नदीकाठच्या उसात या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. पहिला भाग बरा चालला म्हणून दुसऱ्यात खून वाढवले होते, आणि मुंबईहून आणलेल्या पोरी कमी पडल्या. मग गावातल्या पोरी प्रेतं म्हणून घेतल्या. डोळे मिटून पडून राहायचं, एवढंच काम. वर जेवण आणि एक साडी.

दिनेशने पडदे ओढून घेतले आणि डिस्क लावली. त्याने पूर्वी पाहिलेल्या कॅसेटमध्ये उसाचा प्रसंग म्हणजे नुसता काळा चिखल होता. आता उसाच्या पात्यावरची बारीक कूससुद्धा दिसत होती. कोयतेवाल्याने प्रेत उचलून खांद्यावर टाकलं आणि तो उसातून चालू लागला.

“आई, तू हसतेयस,” दीपमाला म्हणाली.

खरंच, प्रेत हसत होतं. आणि त्याच्या मुठीत कोयतेवाल्याचा सदरा घट्ट धरलेला होता.

कोयतेवाल्याचं काम करणारा नट कोण, पुढे त्याचं काय झालं, हे सगळं दिनेशला पाठ होतं. तो सांगू लागला. तेव्हा दीपमालाचे वडील, बहिरूअण्णा बोलले.

“हा तो नट नाय. पहिलीच पोरगी उचलताना त्याची कंबर धरली.”

“मग हा कोण, अण्णा?”

अण्णांनी बशी खाली ठेवली. “त्यांना कांद्याच्या गोण्या उचलणारा गडी पाहिजे होता.”

मग नवसाबाईच पुढचं सांगू लागली. प्रत्येक वेळी उचलताना हा गडी मुखवट्याच्या आतून हळूच विचारायचा, “लागत नाय ना?” तिला हसू फुटायचं. डायरेक्टर मेलेल्या बाईवर ओरडायचा आणि परत पहिल्यापासून उचलायला सांगायचा.

“मला काय, चालतच होतं,” ती म्हणाली. “आणि यांचं तोंड बघायच्या आधीच माझं ठरलं होतं.”

संध्याकाळी मुखवटा निघाला तेव्हा आतला चेहरा घामाने भिजून लालेलाल झाला होता. त्याच रात्री तिने आत्याच्या कानावर घातलं. आत्याने चांगली जमीन बघून हे स्थळ काढलं, असं दीपमाला जन्मभर ऐकत आली होती. ती आईकडे बघतच राहिली, मग इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नानंतर हा सिनेमा जत्रेतल्या तंबूत आला होता, नवीन जोडपं हौसेने गेलंही होतं. पण पडद्यावर अंधाराशिवाय काही दिसलं नाही. नवसाबाई तेव्हा हिरमुसून घरी आली होती.

अण्णांनी तो भाग परत दाखवायला सांगितला. दिनेशने दाखवला, आणि हसू दिसलं तिथे चित्र थांबवून ठेवलं. नवसाबाई दाराजवळची खुर्ची सोडून उठली आणि जावयासमोर, लेकीसमोर, सोफ्यावर नवऱ्याला लागून बसली. तसं ती कधी बसत नसे. अण्णा थोडे सरकले, पण फार नाही.

सिनेमा पुढे सुरू झाला. विहिरीवर कोयता वर गेला तशी अण्णांनी मान फिरवून डोळे गच्च मिटले. रक्त त्यांना बघवत नसे. नवसाबाई मात्र टक लावून बघत होती. प्रेत विहिरीत पडल्यावर तिने त्यांच्या मांडीवर हात ठेवला.

“झालं,” ती म्हणाली. “बघा आता.”