सोमवारची सलामी

जनरल सर ऑगस्टस पेनरूडॉक यांची सगळी कारकीर्द राणीच्या एका वाढदिवसावर उभी होती. हे त्यांच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. मी पलटणीचा डॉक्टर, म्हणून मला थोडं माफ असे.

तरुणपणी अफगाण सरहद्दीवर ते एका वेढलेल्या किल्ल्यात अडकले होते. अन्न संपत आलेलं असताना या गृहस्थांनी शिपायांना लाल कोट चढवले, वाढदिवसाची कवायत केली आणि बंदुकांच्या तीन फैरी झाडल्या. आत भरपूर कुमक आली असं समजून शत्रूने वेढा उठवला. लंडनच्या वर्तमानपत्रांत चित्रं छापून आली, मग बढत्या आल्या, पुढे नावामागे ‘सर’ लागलं. तेव्हापासून कुठल्याही मोहिमेवर तो सोहळा चुकला नाही.

यंदा आमचा तळ सुदानात, तामराबच्या विहिरींवर होता आणि वाढदिवस नेमका रविवारी आला. रविवारी प्रार्थना सोडून दुसरं काही करणं जनरलांना पाप वाटे. रीतीप्रमाणे कवायत सोमवारवर गेली.

त्यातला धोका मला लगेच दिसला. जनरलांचा एकुलता एक मुलगा, लेफ्टनंट गिल्बर्ट, वीस उंटस्वार घेऊन टेहळणीला गेला होता आणि सोमवारीच परतणार होता. परतीच्या वाटा दोन. एक मोकळ्या माळावरून, लांबची. दुसरी काटेरी घळीतून, जवळची. पण तिथे बंडखोर दबा धरून बसत. तळावर हल्ला झाला तरच घळीतून यायचं, असा खुद्द जनरलांचा हुकूम होता. पोरगा गुणी होता, हुकूम मोडणारा नव्हता. मला त्याचीच भीती वाटत होती.

प्रार्थनेनंतर चहाच्या वेळी मी विषय काढला. “साहेब, उद्या बंदुका वाजल्या तर गिल्बर्टला वाटेल, तळावर हल्ला झाला.”

“का? वाढदिवस ठाऊक नाही त्याला?”

“ठाऊक आहे म्हणून तर! तो आज होऊन गेला, असंच धरून चालेल ना तो.”

“रविवारची कवायत सोमवारी होते, डॉक्टर. ही आपली रीत आहे.”

“मागच्या खेपेला रविवार आला, तेव्हा तो इंग्लंडात शाळेत होता, साहेब. निदान एक स्वार तरी पाठवा.”

“माझ्याच मुलाला राणीचा वाढदिवस शिकवायला स्वार पाठवू? पलटण हसेल मला.”

“डॉक्टरांना ऊन लागलंय,” मेजर फॅरो म्हणाला. “अहो, कुणीतरी यांची जीभ बघा!”

सगळे खो खो हसले, जनरलही हसले. मला संताप आला, पण गिळला.

सोमवारी सकाळी वाऱ्याचा मागमूस नव्हता. आवाज लांबवर जाणार हे उघड होतं. रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बंदुका तडतडत गेल्या, तीनदा. काडतुसांत गोळी नव्हती, नुसती दारू होती, पण दुरून कुणाला कळणार? मग संचलन झालं, धूळ उडाली. शेवटी बँडने राष्ट्रगीत सुरू केलं आणि घळीकडून गोळीबार ऐकू आला.

कुणी मान वळवली नाही. राष्ट्रगीतात कुणी हलत नाही. इतर पलटणी एका कडव्यावर भागवतात, आमच्याकडे जनरलांच्या आवडीने तिन्ही वाजत.

“साहेब, पोरं घळीत अडकलीत!” मी ओरडलोच.

“राष्ट्रगीत चालू आहे, डॉक्टर.”

सलामीचा हात टोपीशी तसाच होता. डोळे मात्र घळीकडे लागले होते. त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला तितकीच कीवही आली.

तिसरं कडवं संपलं. घळीत अजून तुरळक बार होत होते.

“आता तरी स्वार सोडा!”

जनरलांनी टोपी काढून उंच धरली. पुढची रीत तीच होती. “राणीसाहेबांचा तीनदा जयजयकार!” त्यांचा आवाज चिरकला.

आठशे गळे गरजले. पुन्हा गरजले. तिसऱ्यांदा गरजून थांबले, तेव्हा मी घळीकडे कान दिला. तिकडून काहीच ऐकू येत नव्हतं.